प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांमधील इंग्रजीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केल्यावर नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील पुष्कळशी पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी असल्याने सारख्या प्रश्नांपैकी एकेक पत्र निवडून त्याला सविस्तर उत्तर दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परदेशात एमएस करण्यासाठी जीआरईची तयारी करतो आहे. उन्हाळ्यापासून हजारभर शब्दांची यादी पाठ केली. शब्द समोर आला की त्याचा मराठी अर्थ मला लगेच सांगता येतो. तरीही सराव परीक्षेत गाळलेल्या जागांचे निम्मे प्रश्न चुकतात. आणखी शब्द पाठ करावेत का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : तूर्त नवी यादी हातात घेऊ नका. तुमच्या पत्रावरून असे दिसते की शब्द तुमच्या ओळखीचे झाले आहेत, पण एखादे वाक्य त्या जागी नेमका कोणता शब्द मागते आहे हे ठरवण्याचा सराव झालेला नाही. आणि जीआरईच्या भाषाविभागात गुण मिळतात ते या दुसऱ्या कौशल्याचे. ऑगस्ट २०११ पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधील नाते ओळखण्याचे प्रश्न असत, तेव्हा निव्वळ पाठांतर बऱ्यापैकी कामी येई. ते प्रश्न त्या वर्षीच काढून टाकण्यात आले. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली असून भाषाविभागात आता दोन भाग मिळून २७ प्रश्न असतात, पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. त्यांतले साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि उरलेले गाळलेल्या जागांचे. म्हणजे एकही प्रश्न सुटा शब्द समोर ठेवून त्याचा अर्थ विचारत नाही.

एक प्रश्न जवळून पाहू. वाक्य असे आहे : 'फार फ्रॉम ईझिंग द शॉर्टेज ऑफ वॉटर, द न्यू रूल्स ओन्ली ____ इट.' खाली सहा पर्याय आहेत : अलीव्हिएटेड, एक्झॅसर्बेटेड, प्रिडिक्टेड, मिटिगेटेड, प्रोलाँग्ड, एग्रॅव्हेटेड. त्यांतून असे दोन शब्द निवडायचे आहेत की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. एक बरोबर आणि एक चूक असेल तर अर्धा गुणही मिळत नाही. यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्याची नजर आधी पर्यायांवर जाते. अलीव्हिएट आणि मिटिगेट हे दोन्ही 'कमी करणे' या अर्थाचे शब्द त्याला एकमेकांशेजारी पाठ असतात, पाणीटंचाईच्या संदर्भात ते शोभूनही दिसतात, आणि तो ती जोडी निवडून मोकळा होतो. प्रश्न रचणाऱ्याने ती जोडी त्याच्यासाठीच ठेवलेली असते. ज्याने वाक्य आधी वाचले त्याला 'फार फ्रॉम' हे दोन शब्द दिसतात, म्हणजे टंचाई हलकी होणे तर दूरच, उलटच काहीतरी घडले. आणि पुढचे 'ओन्ली' तीच दिशा पक्की करते. त्यामुळे 'आणखी बिघडवली' असा अर्थ हवा हे पर्याय न पाहताच ठरते. प्रोलाँग्ड हा शब्दही जागेवर बसतो, नियमांमुळे टंचाई लांबली असे म्हणता येते, पण त्याला सहांमध्ये जोडीदार नाही. उत्तर एक्झॅसर्बेटेड आणि एग्रॅव्हेटेड.

म्हणून पुढचा महिनाभर एक शिस्त पाळा. पर्याय हाताने किंवा कागदाने झाका, वाक्य वाचा, आणि रिकाम्या जागेत येणारा शब्द आधी स्वतःच्या भाषेत, मराठीत सुचला तरी मराठीत, वहीवर लिहा. मगच पर्याय उघडा. वाक्याला वळण देणारे शब्द कोणते, म्हणजे ऑल्दो, डिस्पाइट, इव्हन सो, हेन्स, इंडीड यांपैकी कोणता आला आहे, स्वल्पविराम आणि अर्धविराम कुठे आहेत, हे पेन्सिलीने खुणावत चला. मला अनुभवाने असे वाटते की ज्यांचे गुण अडकून राहतात त्यांतले बहुतेक विद्यार्थी शब्दाच्या अज्ञानाने अडत नाहीत. 'ऑल्दो'पाशी वाक्य वळले हे घाईत त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता तुमच्या हजार शब्दांविषयी. ते वाया गेलेले नाहीत, पण ते वाक्यांत न्यावे लागतील. एका शब्दासमोर एक मराठी प्रतिशब्द, एवढीच नोंद असेल तर तीन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे शब्दामागचा भाव. फ्रुगल आणि पार्सिमोनियस या दोन्ही शब्दांपुढे यादीत 'कमी खर्च करणारा' असे लिहिलेले असते. पण आपण शेजाऱ्याला काटकसरी म्हणतो तेव्हा त्याचे कौतुक करत असतो आणि कंजूष म्हणतो तेव्हा नावे ठेवत असतो, तसाच फरक या दोन शब्दांत आहे आणि परीक्षा नेमकी त्याच फरकावर बोट ठेवते. दुसरी म्हणजे ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणे हे सर्वांना माहीत असते, परंतु एखादे विधान क्वालिफाय करणे म्हणजे त्याला मर्यादा घालणे. टेम्पर म्हणजे सौम्य करणे, चेक म्हणजे आवर घालणे, फ्लॅग म्हणजे गळून जाणे, आणि सँक्शन तर मंजुरीही देते व निर्बंधही लादते. टेबल या क्रियापदाकडे नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत अहवाल पटलावर ठेवला गेला असे आपण वाचतो आणि इंग्रजी वृत्तपत्रे त्याला टेबल्ड म्हणतात. अमेरिकी इंग्रजीत मात्र एखादा प्रस्ताव टेबल करणे म्हणजे त्यावरची चर्चा पुढे ढकलणे. जीआरई ही अमेरिकी परीक्षा आहे.

तिसरी गोष्ट, शब्द कोणाच्या सोबतीने येतो. मिटिगेटची नोंद करताना केवळ 'तीव्रता कमी करणे' असे लिहून थांबू नका. दुष्काळाचे परिणाम, नुकसान, धोका, शिक्षा या गोष्टी मिटिगेट केल्या जातात, माणूस केला जात नाही, हे लिहा. ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य उतरवा. आणि त्याच्यासारखा दिसणारा मिलिटेट हा शब्द शेजारी मांडा, कारण मिलिटेटनंतर अगेन्स्ट येते आणि मिटिगेटनंतर येत नाही. अशी नोंद करायला वेळ लागतो हे मान्य आहे. दिवसाला आठ-दहा शब्द झाले तरी पुरे.

शब्दांच्या लॅटिन आणि ग्रीक धातूंचा अभ्यास करावा का, असे आणखी दोघांनी विचारले आहे. करावा. लोक्वेशियस, एलोक्वंट, ग्रँडिलोक्वंट या तिन्हींत बोलणे आहे हे एकदा कळले की तिन्ही शब्द एका कुटुंबातले होतात. मात्र अंदाजाला अर्थ समजू नका. एनर्व्हेट हा शब्द जोम भरणारा वाटतो, त्याचा अर्थ निर्बल करणे असा आहे. नॉयसमचा आवाजाशी संबंध नाही, ती दुर्गंधी किंवा अपायकारकता आहे. आणि रेस्टिव्ह माणूस विश्रांती घेत नसतो, तो अस्वस्थ असतो. असे फसवे शब्द वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळे ठेवा.

उजळणीबद्दल थोडेच सांगतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत पाठ केलेले सुरुवातीलाच वेगाने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो असे दिसले. याचा व्यवहारातला अर्थ असा की शब्द त्याच रात्री, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पाहावा. चिठ्ठ्यांच्या डब्या करून हे साधता येते : आठवलेला शब्द पुढच्या डबीत, चुकलेला पुन्हा पहिल्या डबीत. मोबाइलवरचे अंकी हे अ‍ॅपही हेच काम करते. दुसऱ्याने तयार केलेला संच मात्र उतरवून घेऊ नका. तुमच्या वाक्यांचा, तुमच्या चुकांचा संचच तुम्हाला उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या मुलीला एमबीए करायचे आहे. तिच्या मामाकडून मिळालेली जुनी पुस्तके घरी आहेत, काही बर्डीवरून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली आहेत. ती पुरेशी आहेत का, की महागडा क्लास लावावाच लागेल? (महाल, नागपूर)

उत्तर : पुस्तके टाकून देऊ नका, पण प्रत्येक पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहा आणि मुलगी कोणती परीक्षा देणार आहे ते आधी नक्की करा, कारण या काही वर्षांत परीक्षांचे स्वरूप बरेच पालटले आहे. जीमॅटमधील वाक्य दुरुस्तीचा प्रश्नप्रकार, ज्याच्यासाठी जाडजूड पुस्तके लिहिली गेली, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत नाही आणि निबंधही नाही. भाषाविभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात व ते सर्व उताऱ्यांचे आकलन आणि युक्तिवादाची पारख यांवर असतात. कॅटच्या अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत सुट्या शब्दांचे आणि व्याकरणाचे प्रश्न आलेले नाहीत. राज्याच्या एमबीए सीईटीत मात्र, आतापर्यंतच्या स्वरूपानुसार, २०० पैकी ५० प्रश्न भाषिक क्षमतेचे असून त्यांत वाक्यातील चूक ओळखणे, गाळलेल्या जागा भरणे हे प्रकार येतात. तेव्हा मामांच्या पुस्तकांतील व्याकरणाचा भाग सीईटीसाठी आजही उपयोगी आहे, आणि कॅट वा जीमॅटसाठी तिने त्यांतील उतारे सोडवावेत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरील चालू वर्षाचे माहितीपत्रक तुम्ही स्वतः मुलीसोबत बसून एकदा पूर्ण वाचा.

क्लासबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गणित किंवा तर्काचा भाग कच्चा असेल तर क्लासची मदत होते. भाषेच्या विभागासाठी मात्र वर्गात बसून ऐकण्यापेक्षा रोज स्वतः वाचण्याने आणि चुकलेल्या प्रश्नाचे कारण लिहून काढण्याने अधिक फरक पडतो, आणि त्याला शुल्क लागत नाही. चांगल्या सराव परीक्षांची मालिका विकत घ्यावी. तो खर्च सार्थकी लागतो.

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, पुढे बी.कॉम. केले. मिहानमधल्या आयआयएममध्ये शिकावे असे मनात आहे, म्हणून कॅट देणार आहे, आणि सीईटीही देईन. इंग्रजी वाचताना अर्थ कळतो, पण व्याकरणाच्या प्रश्नांत सगळेच पर्याय बरोबर वाटतात. मराठी माध्यमामुळे आपण मागे पडणार का, ही भीती जात नाही. (काटोल)

उत्तर : भीतीचे उत्तर आधी देतो. व्याकरणाच्या प्रश्नांत सगळे पर्याय बरोबर वाटणे हे माध्यमाचे लक्षण नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि 'कानाला बरे वाटते ते बरोबर' या सवयीने उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांचेही असेच होते. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे : शाळेत तुम्ही मराठी व्याकरण रीतसर शिकला आहात. कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्ती, प्रयोग हे शब्द तुम्हाला परके नाहीत. त्या ज्ञानाच्या आधारे आपल्या चुका नेमक्या कुठून येतात हे समजून घेता येते, आणि मराठी भाषकांच्या चुका बऱ्याच अंशी ठरावीक असतात.

काळाचेच पाहा. 'मी कालच पत्र पाठवले आहे' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. तेच शब्दशः इंग्रजीत नेले की 'आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे' होते आणि ते चूक ठरते, कारण 'काल'सारखा संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की इंग्रजीत साधा भूतकाळच लागतो : 'आय सेंट द लेटर यस्टर्डे'. तसेच 'मी पाच वर्षांपासून काटोलला राहते' यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे म्हणावे लागते. शिवाय आपला 'पासून' हा एकच प्रत्यय इंग्रजीतल्या दोन शब्दांचे काम करतो : सोमवारपासून, २०२० पासून अशी सुरुवातीची वेळ असेल तर 'सिन्स', आणि पाच वर्षांपासून, बऱ्याच दिवसांपासून असा कालावधी असेल तर 'फॉर'. 'सिन्स फाइव्ह इयर्स' ही चूक इतकी रुळलेली आहे की ती डोळ्यांना खटकतच नाही, आणि म्हणूनच ती पर्यायांत हमखास ठेवली जाते.

शब्दयोगी अव्ययांची गत तीच. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन' लिहितो. इंग्रजीत 'अँग्री विथ' हवे. लग्न कोणाशी तरी होते, म्हणून 'मॅरिड विथ' येते. हवे 'मॅरिड टू'. विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. डिस्कसनंतर कोणतेही अव्यय लागत नाही. यांना नियम शोधत बसू नका. क्रियापद आणि त्याचे अव्यय एकत्रच, एका श्वासात पाठ करा, जसे आपण 'ला' आणि 'ने' कधी वेगळे शिकलो नाही.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळात परीक्षा एकच डाव पुन्हा पुन्हा टाकते : दोघांमध्ये लांबलचक मजकूर घालते. 'द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस फ्रॉम द ऑर्चर्ड्स निअर काटोल ____ इम्प्रूव्ह्ड.' क्रियापदाजवळ ऑर्चर्ड्स आहे, मागे ऑरेंजेस आहे, सगळे अनेकवचन, त्यामुळे 'हॅव' लिहावेसे वाटते. पण सुधारली ती क्वालिटी, म्हणून 'हॅज'. अशा वाक्यात 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर कंसात टाका आणि उरलेले वाक्य वाचा. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे पुष्कळ विद्यार्थी, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून 'इज'. 'वन ऑफ'नंतर नाम अनेकवचनी हवे, 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. मराठीतही आपण 'मित्रांपैकी एक' असे अनेकवचनच म्हणतो, तेव्हा येथे चुकण्याचे कारण नाही.

एक प्रकार मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो मराठीच्या मदतीने चटकन समजतो. 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' हे वाक्य चूक का, हे विद्यार्थ्यांना पटत नाही, कारण मनात त्यांनी त्याचे 'स्टेशनकडे जाताना पाऊस सुरू झाला' असे मराठी केलेले असते आणि ते मराठी वाक्य ठीक आहे. '-ताना' हे रूप वेगवेगळे कर्ते चालवून घेते. पण त्याऐवजी '-ऊन' लावून पाहा : 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला'. आता कोणत्याही मराठी माणसाला खटकते, कारण पोहोचला कोणी आणि सुरू झाले काय, यांचा कर्ता एक नाही. इंग्रजीतील वाक्याच्या आरंभी येणारे '-इंग' या बाबतीत आपल्या '-ऊन'सारखे काटेकोर आहे : स्वल्पविरामानंतर लगेच येणारा कर्ता तोच असला पाहिजे जो ती क्रिया करतो. म्हणून 'व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन, इट स्टार्टेड टू रेन' असे लिहावे. अशी वाक्ये सीईटीसारख्या परीक्षांत चूक ओळखण्यासाठी येतात, आणि निबंधात आपणच ती लिहून बसतो.

'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांबद्दल : मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळण्याकडे आपला कल असतो. प्रथम उल्लेख आणि ओळखीचा उल्लेख हा फरक सांभाळला तर मोठा भाग सुटतो. 'अ‍ॅन' उच्चारावर ठरते, अक्षरावर नाही : 'अ‍ॅन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'अ‍ॅन एमबीए'.

आता वेळेची वाटणी. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने व्याकरणाचा एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅटमध्ये मात्र पर्यायांच्या चुकलेल्या प्रश्नाला एक गुण जातो, आणि तिथल्या भाषाविभागातील २४ प्रश्नांपैकी अलीकडे १६ प्रश्न उताऱ्यांवरचे होते. उरलेले परिच्छेदाचा सारांश, विस्कळीत वाक्यांचा क्रम, विसंगत वाक्य अशा स्वरूपाचे असतात. म्हणजे कॅटसाठी व्याकरणाचा उपयोग लांब वाक्याची उकल करण्यापुरता आहे, आणि तेवढ्यासाठी रोज अर्धा तास पुरेसा आहे; उरलेला वेळ वाचनाला द्या. विस्कळीत वाक्यांच्या प्रश्नातही उपपदच वाट दाखवते : एका वाक्यात 'अ फार्मर' आणि दुसऱ्यात 'द फार्मर' असेल तर पहिले बहुधा आधी येते, आणि 'धिस पॉलिसी'ने सुरू होणारे वाक्य सहसा परिच्छेदाचे पहिले वाक्य नसते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी गेट या परीक्षेची तयारी करत आहे. इंग्रजीसाठी किती वेळ द्यावा? (उमरेड)

उत्तर : थोडाच, पण नियमित. गेटमध्ये १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमता विभागाला आहेत आणि त्या दहा प्रश्नांतही भाषेबरोबर अंकगणित, विश्लेषण व आकृत्यांचे प्रश्न असतात. अभ्यासक्रमात काळ, उपपदे, विशेषणे, अव्यये, कर्ता-क्रियापद मेळ, संदर्भातील शब्द व वाक्प्रचार, आकलन आणि घटनाक्रम लावणे यांचा उल्लेख आहे. काटोलच्या वाचक भगिनीला वर दिलेले उत्तर तुम्हालाही लागू पडते. मागील वर्षांच्या सर्व शाखांच्या प्रश्नपत्रिकांतील हा विभाग सोडवा, कारण तो तुमच्या शाखेपुरता मर्यादित नाही. सरावाचा साठा त्यामुळे बराच वाढतो. जीआरईच्या याद्या तुम्हाला लागणार नाहीत.

प्रश्न : मी नोकरी करते. रोज तासभरच मिळतो, तोही कधी सकाळी, कधी रात्री. 'वाचन वाढवा' असे सगळे सांगतात. काय वाचावे आणि कसे, हे कोणी सांगत नाही. (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : तक्रार रास्त आहे. सुरुवात अशा इंग्रजीपासून करा ज्याचा विषय तुम्हाला आधीच माहीत आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये नागपुरात सुरू केलेले हितवाद आजही निघते. शहराच्या बातम्या तुम्ही मराठीत वाचलेल्या असतातच, त्या इंग्रजीत वाचल्या की शब्द संदर्भातून उलगडतात आणि शब्दकोश कमी लागतो. दोन आठवडे एवढेच करा. नंतर अग्रलेख आणि मतप्रदर्शनाच्या लेखांकडे वळा. पण तिथेच थांबू नका, कारण परीक्षेतील उतारे बातम्यांचे नसतात. ते इतिहास, जीवशास्त्र, कलासमीक्षा, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र अशा तुम्ही सहसा न वाचणाऱ्या विषयांतून निवडलेले असतात, आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयावर लक्ष टिकवणे हाच त्या परीक्षेचा एक भाग आहे. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मुद्दाम न आवडणारा विषय घ्या.

वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून समासात मराठीत एक ओळ लिहा : लेखक येथे काय करतो आहे? दुसऱ्याचे मत सांगतो आहे, त्याला हरकत घेतो आहे, उदाहरण देतो आहे की स्वतःचे मत मांडतो आहे? दुसऱ्याचे मत लेखकाच्या नावावर खपवणारा पर्याय उताऱ्याच्या प्रश्नांत फार वेळा येतो, आणि ही एक ओळ लिहिण्याची सवय त्यापासून वाचवते. अनोळखी शब्द आला तर वाचन थांबवू नका. त्याखाली रेघ ओढा, अंदाज करा, पुढे जा. लेख संपल्यावर शब्दकोश उघडा आणि अंदाज किती जवळ होता ते पाहा. तासातली चाळीस मिनिटे अशी, आणि वीस मिनिटे आधी चुकलेल्या प्रश्नांना. ती वीस मिनिटे कधीही कापू नका, दिवस कितीही धावपळीचा असला तरी. वाचन एखाद्या दिवशी राहिले तर चालते.

चुकलेल्या प्रश्नापुढे 'निष्काळजीपणा' असे लिहून पुढे जाण्याची सवय अनेकांना असते. त्या नोंदीचा उपयोग होत नाही. चुकीचा पर्याय का भावला ते लिहा : उताऱ्यातला एखादा शब्द जसाच्या तसा त्यात होता म्हणून, की तो व्यवहारात खरा वाटला म्हणून, की त्यातला 'ओन्ली' किंवा 'ऑल्वेज' नजरेतून सुटला म्हणून. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की आपण दोन-तीन ठरावीक कारणांनीच चुकतो असे बहुधा दिसते, आणि मग सराव त्या कारणांवर करता येतो.

प्रश्न : जीआरईच्या निबंधासाठी मी आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत लिहितो. ही सवय मोडावी का? (रामटेक)

उत्तर : मुद्दे मराठीत सुचत असतील तर खुशाल सुचू द्या; वाक्ये मात्र इंग्रजीत जुळवा. सप्टेंबर २०२३ नंतर एकच निबंध उरला आहे. दिलेल्या विधानावर ३० मिनिटांत स्वतःची भूमिका मांडायची असते आणि तिला शून्य ते सहा या श्रेणीत, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण मिळतात. विषयांचा संपूर्ण संच परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते, ही सोय फार थोडे विद्यार्थी वापरतात. त्यातील एक विषय घ्या, पाच मिनिटे कच्च्या कागदावर मराठीत मुद्दे आणि एक ठोस उदाहरण टिपा, आणि मग थेट इंग्रजीत, छोट्या वाक्यांनी लिहायला लागा. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे संपूर्ण मराठी वाक्य मनात तयार करून उलटवू लागलात तर वेळही जातो आणि वाक्य मध्येच अडखळते. पाठ केलेले भारदस्त शब्द निबंधात पेरू नका. विधानाला दुसरी बाजू आहे हे मान्य करून तिला उत्तर देणारा परिच्छेद त्यापेक्षा अधिक गुण मिळवून देतो. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटे फक्त दोन गोष्टी तपासण्यासाठी ठेवा : प्रत्येक एकवचनी नामापुढे उपपद हवे होते का, आणि क्रियापदाचा त्याच्या खऱ्या कर्त्याशी मेळ बसला आहे का. परीक्षेच्या लेखनखिडकीत शुद्धलेखन किंवा व्याकरण आपोआप तपासले जात नाही, तेव्हा घरी सराव करतानाही ती सोय बंद करूनच टंकलेखन करा.